‘चार्ज’चे पाच अर्थ आणि कडब्याची गाडी

पत्र असं आहे:

“बाई, मी औसा तालुक्यातली. वय 24. बी.ए. झालंय. दोन वर्षांपासून लातूरला खोली करून सरळसेवेची तयारी करते. शाळा सगळी जिल्हा परिषदेची, मराठी माध्यमाची. गणित, बुद्धिमत्ता जमतं. अडतं ते इंग्रजीत, त्यातही समानार्थी शब्दांत. गाइडमधले साडेसहाशे शब्द वहीत उतरवून पाठ केले. ‘चार्ज’समोर लिहिलंय: फी, आरोप, हल्ला, भरणे, जबाबदारी. फीचा आणि हल्ल्याचा काय संबंध, मला कळत नाही. मागच्या रविवारी सराव पेपरात वाक्य होतं, ‘द सिनियर नर्स इज इन चार्ज ऑफ द वॉर्ड’. ‘इन चार्ज ऑफ’ला जवळचा पर्याय निवडायचा होता. मी फीवर खूण केली, कारण यादीत फी पहिली होती. क्लासच्या सरांनी सगळ्यांसमोर माझं उत्तर वाचून दाखवलं आणि म्हणाले, मराठी मीडियमच्या पोरींनी इंग्रजीचे मार्क सोडूनच द्यावेत. वडील सोयाबीन विकलं की खोलीचं भाडं पाठवतात. आता त्यांना काय तोंड दाखवू? माझं करिअर इथंच थांबेल का, अशी भीती वाटते. या पाचातला खरा अर्थ कोणता तेवढं सांगा. तोच पाठ करते.”

लेकी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. सरांच्या बोलण्यावर मला बोलायचं आहे, पण ते नंतर. आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर, कारण प्रश्न फार चांगला आहे. ‘फीचा आणि हल्ल्याचा काय संबंध’ असं ज्या मुलीला वाटतं, तिचं डोकं भाषेला बरोबर लागलंय. ज्याला असं काही वाटत नाही, तो नुसता पाठ करत सुटतो.

पाचही अर्थ खरे आहेत. पण त्यांच्या खाली चित्र एकच आहे, आणि ते तू लहानपणापासून पाहत आलीस. गाडी भरण्याचं.

ज्वारी निघाली, कणसं मोडून झाली, की रानात कडब्याच्या पेंढ्या पडलेल्या असतात. माझे वडील गाडी भरायचे तेव्हा मी खालून पेंढी द्यायची आणि ते वर उभं राहून रचायचे. एक थर आडवा, एक उभा, बुडखे बाहेर, शेंडे आत. मध्येच खाली उतरून जुवाखाली हात घालून बघायचे. पुढं जास्त भरलं तर सगळा भार बैलांच्या मानेवर येतो. मागं जास्त भरलं तर गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि बैल लटकायला लागतात. दोन्ही बाजूंनी तोलून झालं की वरून दोर टाकायचे, आवळायचे, आणि मग म्हणायचे, “भरली. चल.” ते “भरली” मला अजून ऐकू येतं.

आता लॅटिनमध्ये चल. त्या भाषेत ‘कार्रुस’ म्हणजे चाकाची गाडी. रोमन लोकांनी हा शब्द गॉल लोकांकडून, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या मुलखात राहणाऱ्यांकडून उचलला. त्यावरून पुढे क्रियापद झालं, ‘कार्रिकारे’. अर्थ, गाडीवर ओझं घालणं, गाडी भरणं. ते जुन्या फ्रेंचमधून बदलत बदलत 13व्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत आलं आणि ‘चार्ज’ झालं. त्याच कार्रुसची बाकीची लेकरंही तुला ठाऊक आहेत. रस्त्यावरची ‘कार’, ओझं नेणं म्हणजे ‘कॅरी’, जहाजात भरलेला माल म्हणजे ‘कार्गो’. आणि तू पत्रात लिहिलेलं ‘करिअर’सुद्धा. लॅटिनमध्ये जिच्यावरून गाड्या जातात ती वाट, आपल्या शब्दांत गाडीवाट, तिच्यापासून तो शब्द निघाला.

म्हणजे ‘चार्ज’ म्हणजे कुणावर तरी, कशावर तरी ओझं ठेवणं. एवढंच धरून ठेव आणि तुझी यादी पुन्हा वाच.

तुझ्यावर पैशाचं ओझं ठेवलं, तर तो चार्ज म्हणजे आकारणी. तुझ्या अंगावर कामाचं ओझं ठेवलं, तर तो चार्ज म्हणजे जबाबदारी. नवा अधिकारी आला की आपण म्हणतोच, साहेबांनी चार्ज घेतला. गुन्ह्याचं ओझं ठेवलं, तर तो चार्ज म्हणजे आरोप. बंदुकीत दारू भरली किंवा भांड्यात पाणी भरावं तशी बॅटरीत वीज भरली, तर ते चार्ज करणं. विजेच्या संदर्भात हा शब्द 18व्या शतकात बेंजामिन फ्रँकलिनच्या काळात रुळला. तेव्हा विजेकडे भांड्यात साठवता येणाऱ्या वस्तूसारखं पाहिलं जायचं, म्हणून ती ‘भरायची’.

राहिला हल्ला. तो मी मुलांना असा सांगायची: बैल बिथरला आणि शिंगं खाली घालून धावला, तर आपण काय म्हणतो? “बैल अंगावर आला.” सगळा भार घेऊन अंगावर येणं, हाच तो चार्ज. ‘द बुल चार्ज्ड अ‍ॅट हिम.’ लाठीचार्ज हा आपल्या देशात घडलेला जोडशब्दही त्यातलाच. मराठी वर्तमानपत्रं त्याला लाठीमार म्हणतात.

आता मला सगळ्यात जास्त आवडतं ते सांगते. ‘चार्ज’ला मराठीत नेमका एक शब्द शोधायला गेलीस तर सापडणार नाही, असं गाइडवाल्यांना वाटतं. म्हणून ते पाच शब्द देतात. मी म्हणते, एक शब्द आहे आणि तो तू रोज बोलतेस. भरणे. जरा मोठ्यानं म्हणून बघ. गाडी भरणे. पैसे भरणे. दंड भरणे. खटला भरणे. विहिरीच्या खोदकामात सुरुंगाला बार भरणे. या जागांपाशी इंग्रजीत ‘चार्ज’ नाही तर त्याच्या अर्थाजवळचा एखादा शब्द येऊन बसतो. हजारो मैल लांबच्या दोन भाषांनी ओझ्याच्या एकाच कल्पनेवरून पैसा, गुन्हा आणि दारूगोळा इथपर्यंत मजल मारली. कुणी कुणाची नक्कल केली नाही. ओझं सगळ्याच माणसांना उचलावं लागतं, म्हणून असं झालं असावं, असं मला वाटतं.

आणि भरणेचा सख्खा शब्द ‘भार’. त्याचं कुळ मोजायला बस. अधिकारी पदभार घेतात. मुख्याध्यापक निवृत्त झाले आणि नवे आले नाहीत, तर सर्वांत जुन्या शिक्षकाला ‘प्रभारी’ करतात. मी स्वतः 14 महिने प्रभारी होते, त्यामुळे त्या शब्दातलं वजन मला खांद्यावर माहीत आहे. पोषण आहाराचा तांदूळ मोजण्यापासून शाळेच्या छताच्या पत्र्यापर्यंत सगळं माझ्याकडं. इंग्रजीत त्याला ‘टीचर इन चार्ज’ म्हणतात. विज्ञानाच्या पुस्तकात विजेचा धनप्रभार आणि ऋणप्रभार. मूळ रकमेवर आणखी आकारलं तर अधिभार, इंग्रजीत ‘सरचार्ज’. रात्री पाणी द्यायला रानात गेलेला माणूस ज्याला शिव्या देतो ते भारनियमन. कुणी उपकार केले तर मानायचे ते आभार. तेही उपकाराचं ओझंच.

याच्याही खाली एक पायरी आहे. ‘भार’ आणि ‘भरणे’ संस्कृतमधल्या ‘भृ’ धातूपासून आले. भृ म्हणजे वाहणं, पेलणं. इंग्रजीत सोसणं, वाहणं याला ‘बेअर’ म्हणतात आणि ओझ्याला ‘बर्डन’. हे दोन्ही शब्द आणि आपला भृ एकाच फार जुन्या मुळातून फुटलेले आहेत. तुझ्या यादीत ‘चार्ज’च्या जवळचा म्हणून बर्डन असेलच. तो तुझा परका नाही, दूरचा चुलत आहे. ज्या भाषेमुळे तुला इंग्रजी जमत नाही असं सांगितलं गेलं, तीच भाषा तुला या शब्दाच्या आत घेऊन गेली, हे विसरू नकोस.

ओझं चढतं तसं उतरतंही. ‘डिस्चार्ज’. हा शब्द मी आमच्या काकूकडून शिकले, शाळेत नाही. माझे चुलते लातूरच्या एका दवाखान्यात 11 दिवस होते. बाराव्या दिवशी सकाळी डॉक्टर फेरीला आले आणि म्हणाले, “उद्या डिस्चार्ज.” काकू काही बोलली नाही. ते गेल्यावर तिनं पदराची गाठ सोडली, नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या आणि मला म्हणाली, “चार्ज तर रोजच भरायलोत. ह्यो आणखी कोणता काढला यांनी?” मी तेव्हा दहावीत होते. मलाही खात्री नव्हती. नर्सला विचारून आले आणि सांगितलं, काकू, घरी सोडणारेत. ती तिथंच खाटेच्या कडेला बसली आणि रडली. पुढे मी शिक्षिका झाले तेव्हा वर्गात ‘डिस’ शिकवताना मला दरवेळी ती पदराची गाठ आठवायची. ‘डिस’ म्हणजे काढून घेणं. रुग्णाच्या डोक्यावरून दवाखान्याचं ओझं काढलं, तो डिस्चार्ज. आरोपीवरचा आरोप कोर्टानं काढला, तोही डिस्चार्ज. मोबाइलची बॅटरी उतरली, तोही डिस्चार्ज. बघ, आपणही बॅटरी ‘उतरली’च म्हणतो.

आणि धरण भरलं की दारं उघडतात, तोही डिस्चार्जच. आपल्याकडं त्याला विसर्ग म्हणतात. पैठणला जायकवाडीचे 27 दरवाजे आहेत. चांगल्या पावसाळ्यात तिथून विसर्ग सुरू झाला की खाली पार नांदेडपर्यंत गोदाकाठची माणसं बातम्यांकडे कान लावून बसतात, किती क्युसेक, किती क्युसेक. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28 लिटर. आणि हाच विसर्ग तुझ्या मराठी व्याकरणातही आहे, ‘दुःख’मधल्या दोन टिंबांत. तिथं सोडलेलं पाणी नसतं, सोडलेला श्वास असतो. एका शब्दाचे दोन अर्थ हे इंग्रजीचं कुलंगड नाही. आपल्या घरातही हे रोज चालतं, फक्त घरातलं असल्यामुळे दिसत नाही.

‘रिचार्ज’ तुला सांगायची गरज नाही. पण एक गोष्ट नोंदव: मोबाइलचा असतो तसा बोअरचाही रिचार्ज असतो. छतावरचं किंवा रानातलं पावसाचं पाणी गाळून बोअरमध्ये, विहिरीत सोडतात, त्याला सरकारी कागदात पुनर्भरण म्हणतात. पुन्हा भरणं. पुन्हा तोच भृ.

अर्थाचं एवढं पुरे. आता समानार्थी या शब्दाकडं येते, कारण माझ्या मते तुझी खरी फसगत तिथं झाली आहे. समानार्थी म्हणजे एकाच्या जागी दुसरा उचलून ठेवला तरी चालतो, असं तुला वाटतं. तुझ्याच मराठीत तपासून बघ. पाणी, जल, नीर, उदक. चौथीपासून पाठ आहे ना? मग आईला कधी म्हणालीस का, “आई, उदक दे”? आपण जलसंधारण म्हणतो आणि पाणीटंचाई म्हणतो. त्यांची अदलाबदल केली तर ऐकणारा थबकतो. एप्रिल 2016 मध्ये मांजरा धरण कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या खेपेला 10 वाघिणींत मिळून पाच लाख लिटर. तू तेव्हा शाळेत असशील. ते आणणाऱ्या गाडीला ‘जलदूत’ नाव दिलं होतं, पण घागर घेऊन धावणारी एकही बाई “जल आलं” म्हणाली नाही. “पाणी आलं” म्हणाली. शब्द एका अर्थाचे असले तरी प्रत्येकाची बसायची जागा ठरलेली असते.

‘चार्ज’च्या पैशाच्या बाजूचे शब्द त्याच नजरेनं बघ. डॉक्टरला, वकिलाला, शाळेला देतो ती ‘फी’, म्हणजे विद्येचा, कसबाचा मोबदला. एसटीच्या कंडक्टरला देतो तो ‘फेअर’. खोलीवाल्याला देतेस तो ‘रेंट’. दिवसाच्या हिशेबानं ट्रॅक्टर लावला तर त्यासाठी ‘हायर’. या तिन्हींना आपण एकच शब्द वापरतो, भाडं. म्हणजे इथं इंग्रजांना तीन शब्द लागतात आणि आपलं एकात भागतं. ‘चार्ज’मध्ये तू चक्रावलीस तसा एखादा इंग्रज भाड्यावर चक्रावेल. रस्त्याच्या नाक्यावर ‘टोल’, नियम मोडला तर ‘फाइन’. बाजारात सोयाबीनला मिळतो तो भाव म्हणजे ‘प्राइस’ आणि ते पिकवायला बियाणं, खत, फवारणी, मळणी धरून जे जातं ते ‘कॉस्ट’. या दोन शब्दांतलं अंतर तुझ्या वडिलांना कुणी समजावून द्यायला नको. वीजबिल हातात घे, त्यात स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार असे रकाने आहेत. हे सगळे ‘चार्ज’. त्याच बिलात वीज शुल्क वेगळं आहे, ते ‘ड्यूटी’, कारण ते सरकारला जातं. चार्ज आणि ड्यूटी तुझ्या गाइडमध्ये समानार्थी दिले असतील. बिलात ते वेगवेगळ्या ओळींत बसलेत.

आरोपाच्या बाजूलाही असंच आहे. ‘अक्यूज’ कुणीही करू शकतं. शेजारीण म्हणाली, माझी कोंबडी तू पळवलीस, तर तिनं तुला अक्यूज केलं, आपल्या भाषेत आळ घेतला. ‘चार्ज’ करायला अधिकार लागतो. पोलिस तपास करून चार्जशीट दाखल करतात, मराठीत दोषारोपपत्र. आणि पुढं कोर्ट आरोप निश्चित करतं. 1 जुलै 2024 पासून हे सगळं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे चालतं, पण ‘चार्ज’ हा शब्द नव्या कायद्यातही तसाच आहे. ‘ब्लेम’ त्याहून सौम्य, ठपका ठेवणं. मराठीत बघ, ठपका ठेवतात, आरोप ठेवतात. ‘आरोप’चा मूळ अर्थही वर चढवणं, वर ठेवणं असाच आहे. पुन्हा ओझं.

आता पेपरातलं ते वाक्य. तिथं अर्थ ओळखायची सगळ्यात सोपी खूण म्हणजे शब्दाचा सोबती. एसटीत शेजारी कोण बसलंय त्यावरून माणूस कुठल्या गावचा ते आपण ओळखतो, तसंच. ‘चार्ज’च्या नंतर ‘विथ’ आला, ‘चार्ज्ड विथ थेफ्ट’, तर आरोप. पुढं ‘फॉर’ आला, ‘चार्ज्ड फिफ्टी रुपीज फॉर द फॉर्म’, तर पैसे. ‘अ‍ॅट’ आला तर अंगावर धावणं. आधी ‘इन’ आणि नंतर ‘ऑफ’ आला तर जबाबदारी. ‘फ्री ऑफ चार्ज’ म्हणजे फुकट, ओझं न ठेवता. आणि ‘अक्यूज’चा सोबती ‘ऑफ’ असतो, ‘विथ’ नाही. परीक्षेत नेमकं तिथं बोट ठेवतात.

एक बारीक जागा आहे, ती माझ्या चांगल्या विद्यार्थ्यांचीही चुकायची. ‘द नर्स इज इन चार्ज ऑफ द चिल्ड्रन’ आणि ‘द चिल्ड्रन आर इन द चार्ज ऑफ द नर्स’. दोन्ही वाक्यांत नर्सच सांभाळते आणि मुलंच सांभाळली जातात. पण पहिल्यात ‘इन चार्ज’, दुसऱ्यात ‘इन द चार्ज’. एवढासा ‘द’ आला आणि ओझं उचलणारा बदलला: पहिल्या वाक्याचा कर्ता ओझं वाहतो, दुसऱ्याचा कर्ता स्वतः ओझं होतो. कडब्याच्या गाडीवर बसवून बघ. पहिल्यात बैल, दुसऱ्यात पेंढी. हे मी फळ्यावर बैल आणि पेंढी काढूनच शिकवलं, आणि ज्यांनी ते चित्र पाहिलं ते पुन्हा चुकले नाहीत.

तर तुझ्या पेपरात नर्स बैलाच्या जागी होती. उत्तर ‘रिस्पॉन्सिबल फॉर’.

वहीचं काय करायचं? साडेसहाशेची यादी बाजूला ठेव. टाकून देऊ नकोस, मेहनत आहे त्यात. नवी वही कर. एका पानावर एकच शब्द. मध्यभागी त्याचं मूळ चित्र, शब्दात लिही किंवा काढ. मग त्या चित्रातून जितके अर्थ निघतील तेवढी वाक्यं, आणि वाक्य तुझ्या आयुष्यातलं हवं. ‘माय रूम ओनर डज नॉट चार्ज फॉर वॉटर’ हे वाक्य तू विसरणार नाहीस, गाइडमधलं विसरशील. खाली सोबती शब्द. दिवसाला तीन पानं झाली तरी पुष्कळ. आणि गाइडऐवजी शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश वापर, ग्रंथालयात मिळेल, मोबाइलवरही मिळतो. असे कोश इंग्रजांसाठी नसतात, तुझ्या-माझ्यासाठी असतात. ए. एस. हॉर्नबी नावाचे शिक्षक जपानमध्ये इंग्रजी शिकवायचे. त्यांनी सहकाऱ्यांबरोबर असा एक कोश तयार करून 1942 साली टोकियोत छापला. मुलांना अर्थ कळतो पण वाक्य करता येत नाही, हे त्यांना वर्गात रोज दिसत होतं. म्हणून त्यांनी प्रत्येक शब्दाला वाक्यरचना जोडली. तुझी अडचण नवी नाही, तुझ्या एकटीचीही नाही.

प्रत्येक शब्दाच्या पोटात एवढं सरळ चित्र सापडेलच असं नाही. काही शब्द इंग्रजीत दोन वेगळ्या वाटांनी आलेले असतात आणि आता सारखे दिसतात. नदीचा ‘बँक’ म्हणजे काठ आणि पैशाची ‘बँक’ हे तसेच. तिथं चित्र शोधण्यात दिवस घालवू नकोस, दोन वेगळी पानं कर आणि पुढं जा.

आता सरांचं. 2023 च्या तलाठी भरतीत 100 पैकी 25 प्रश्न इंग्रजीचे होते, 200 पैकी 50 गुण. ज्या पदाला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, त्या पदासाठी बसलेल्या मुलीला 50 गुण सोडून दे म्हणणं हा सल्ला नव्हे. आणि चारचौघांत पेपर वाचून दाखवणं हे शिकवणं नव्हे. मी 31 वर्षं वर्गात उभी राहिले. चुकलेलं उत्तर हातात आलं की शिक्षकाचं काम तिथून सुरू होतं. तुझ्या चुकीत तर्क होता. यादीत फी पहिली होती, म्हणून तू फी निवडलीस. चूक यादीची होती. हे सरांनी ओळखायला हवं होतं आणि ते राहून गेलं, याचं मला वाईट वाटतं.

मराठी माध्यमाचं म्हणशील तर आपल्या मुलखाचा इतिहास बघ. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. कारभार उर्दूत, आणि 1918 साली हैदराबादला स्थापन झालेलं उस्मानिया विद्यापीठही उर्दूतून शिकवायचं. माझे वडील सातवीपर्यंत उर्दूत शिकले, घरी मराठीत बोलले, उदगीरच्या बाजारात कानडी व्यापाऱ्याशी कानडीत भाव केला आणि रात्री ज्ञानेश्वरी वाचली. जमिनीच्या जुन्या कागदातला खासरा ते शेवटपर्यंत स्वतः वाचायचे. एका भाषेनं दुसरीची वाट अडते, असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून अडली नाही. देगलूरकडं आजही घरात तेलुगू आणि शाळेत मराठी बोलणारी लेकरं आहेत. चार भाषांच्या शिवेवरचा आपला मुलूख. इथल्या मुलीला आणखी एक भाषा जड जावी, असं काही नाही.

वडिलांना तोंड दाखवायचं म्हणालीस. एका सराव पेपराच्या एका प्रश्नासाठी तोंड लपवायचं कारण नाही. उलट पुढच्या वेळी गावी जाशील तेव्हा त्यांच्यापाशी बस आणि विचार, ‘भरणे’ कुठं कुठं वापरता? शेतात, बाजारात, सोसायटीत, कोर्टाच्या कामात. ते सांगतील ते सगळं लिहून घे, आणि प्रत्येकासमोर इंग्रजीत कोणता शब्द येईल ते तू शोध. सगळीकडं ‘चार्ज’ येणार नाही. रागे भरण्याला वेगळा येईल, बाजार भरण्याला वेगळा, दिवस भरण्याला आणखी वेगळा. माझ्याकडं 17 झालेत. तुझी यादी पोस्टानं पाठव, मी तपासून परत पाठवते.

तुझी,
बाई